भोवरा गुंगायला हवा

पायातल्या चपला काढा. मोबाइल, घड्याळ, चष्मा, पाकीट सगळं इथंच ठेवा. तिकडे त्यातलं काही लागत नाही. लागतात ती उजव्या हाताची बोटं, तयार नजर आणि फुफाट्यात चालायची सवय असलेले तळवे. ते तुम्हाला मिळणार आहेत.

आता खाली बघा. खाकी अर्धी चड्डी, तिचा एक खिसा फाटका, गुडघ्यावर वाळलेली खपली. तुमचं वय 11 वर्षं. साल 1951, महिना मे. शाळेला सुट्टी लागली आहे आणि तुम्ही आजोळी नगरला आला आहात. आजचं अहिल्यानगर ते हेच. तेव्हाही बोलताना सगळे नुसतं नगर म्हणतात.

सकाळचे नऊ वाजलेत, तरी माळीवाड्याच्या रस्त्यावरची धूळ चटके द्यायला लागली आहे. भिंतींच्या सावलीला चिकटून चाला. टांग्यांच्या अड्ड्यापाशी घोड्यांच्या लिदीचा आणि भिजवलेल्या चंदीचा वास नाकात भरतो. पुढच्या वाड्यात मिरच्या कांडताहेत. तिथून धूम ठोका, नाहीतर वळणापर्यंत ठसका पाठ सोडायचा नाही. वर माळवदावर बायका कुरडया घालताहेत. गव्हाच्या चिकाचा आंबूस, गरम वास गल्लीत उतरतो आणि आत्ताच न्याहारी करून निघालेल्या तुमच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटतं. विशाल गणपतीच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवतं. मग सगळेच आवाज एकदम बुडतात, कारण भिंगारकडून लष्कराची गाडी येते आहे. रणगाड्यांच्या दलाचं केंद्र 1948 मध्ये नगरला आलं, तेव्हापासून या गाड्या मोजणं हा इथल्या पोरांचा आवडता उद्योग. आज मात्र मोजत थांबू नका. आज खिशात दीड आणा आहे.

चाचपून बघा. सहा पैसे. त्यातला एक नवाकोरा, घोड्याचं चित्र असलेला. दोन भोकाचे, लढाईच्या दिवसांत निघालेले. भोकाच्या पैशांपैकी एक काही झालं तरी खर्चायचा नाही, तो कशासाठी ते पुढे कळेल. बाकीच्या पाच पैशांत तुम्हाला एक भोवरा कातून घ्यायचा आहे आणि त्याला आर, म्हणजे खालचं लोखंडी टोक, बसवून घ्यायची आहे. संध्याकाळी दिल्ली दरवाज्याबाहेर तोफखाना भागातल्या पोरांशी खेळ ठरलाय आणि तुमच्या संघात एक गडी कमी आहे.

हो, संघच. एका भोवऱ्यावर खेळणारा पोरगा रिंगणात फार वेळ टिकत नाही. खेळ असा: जमिनीवर खिळ्यानं रिंगण ओढायचं. सगळ्यांनी एकदम भोवरे फेकायचे आणि फिरता भोवरा जाळीनं उडवून हातात झेलायचा. जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी. जो सगळ्यात शेवटी झेलेल, किंवा ज्याचा भोवरा फिरलाच नाही, त्याचा भोवरा रिंगणात आडवा पडतो. मग बाकीच्यांनी त्याच्यावर आपापले भोवरे मारायचे. मारून मारून तो रिंगणाबाहेर गेला की त्याची सुटका. तोवर आरेचा घाव बसेल तिथं खोक पडते, कधी ढलपी उडते, कधी भोवरा उभा चिरतो. गल्लीगणिक नियम थोडे बदलतात, पण आडव्या भोवऱ्याच्या नशिबी मार आहे हे सगळीकडे सारखंच.

म्हणून शहाण्या पोराच्या चड्डीच्या खिशात तीन भोवरे असतात. एक मारायचा, एक फिरायचा आणि एक टाकायचा. सुरुवातीच्या फेकीला फिरायचा काढायचा, कारण तो फेकला तिथं उभा राहतो आणि पटकन जाळीत येतो. दुसऱ्याचा भोवरा आडवा पडला की मारायचा. आणि आपल्यावरच पाळी आली, तर छाती घट्ट करून टाकायचा रिंगणात ठेवायचा. तिघांचं काम वेगळं, म्हणून तिघांचं लाकूड वेगळं, तिघांची आर वेगळी. हे ज्याला कळलं त्याचा निम्मा खेळ रिंगणात उतरायच्या आधीच झालेला असतो.

टाकायचा तुमच्याकडे आहे. मामानं दिलेला, चिंचेच्या लाकडाचा, खोकांनी भरलेला. दिसायला कुरूप, पण त्याला हसू नका. चिंचेच्या लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्यात आर रुतते आणि थांबते, चीर पुढे पळत नाही. फिरायचाही आहे, शिसवीचा, गेल्या सुट्टीतला. तो मात्र हल्ली खडखडतोय, त्याच्याकडे दुपारी बघू. हवा आहे तो मारायचा.

बोळात वळा. कातारी कुठं बसतो ते विचारायला नको, कानच तिकडे नेतात. दोरी ओढल्याचा घर्र आवाज, मग क्षणभर शांत, मग पुन्हा घर्र. दारातच जमिनीवर त्याचा कातायचा सांगाडा आहे. दोन टोकांमध्ये अडकवलेला लाकडाचा ठोकळा. त्याला गुंडाळलेली दोरी एक पोरगा आळीपाळीनं पुढे-मागे ओढतोय. ठोकळा एकदा इकडे फिरतो, एकदा तिकडे. कातारी पटाशी फक्त एकाच फेऱ्याला टेकवतो, उलट्या फेऱ्याला अलगद उचलतो. पटाशीचा पुढचा भाग त्यानं पायाच्या अंगठ्यानं धरून ठेवला आहे. जवळ बसा. गरम ढलप्या तुमच्या पोटऱ्यांवर उडतात, चिकटतात. बाभळीचा तुरट वास येतो. कोपऱ्यात फिरत्या पाळण्याच्या खुरावर लाखेची कांडी दाबली, की घासण्याच्या उष्णतेनंच लाख वितळते आणि लाल पट्टा उमटतो. तो गोडसर, किंचित जळका वास तुम्हाला आयुष्यभर पुरेल.

दोरीवर टांगलेले लाल-पिवळे-हिरवे भोवरे बघितलेत? बघून घ्या आणि सोडून द्या. रंगाखाली हलकं लाकूड असतं. पाळण्यातल्या पोराला खेळवायला ते ठीक, तोफखान्याच्या पोरांपुढे एका घावात त्यांचे दोन तुकडे होतात.

“मामा, बाभळीचा द्या. गाभ्याचा.”

कातारीमामा मान वर करतो. गाभ्याचा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आवडतं. “मारायचा का फिरायचा?”

“मारायचा.”

“मंग खांदा रुंद ठिवतो. वजन वर पायजे.”

तो ढिगातून ठोकळे काढून देतो आणि निवड तुमच्यावर सोडतो. घाई करू नका, आजच्या दिवसातलं हे सगळ्यात मोठं काम आहे. बाभळीच्या आतलं लाकूड लालसर, जड असतं, सालीकडचं पांढुरकं आणि हलकं. अर्धा लाल, अर्धा पांढरा ठोकळा दिसायला झकास असतो, पण त्याचा भोवरा एका अंगाला जड होतो आणि जन्मभर लंगडतो. तसा घ्यायचा नाही. गाठ असलेला नाही, पटाशी गाठीवर उडी मारते आणि गोलाई बिघडते. झाडाचा अगदी मधला कणा ज्यातून जातो तोही नाही, कारण वाळताना लाकूड त्या कण्यापासूनच तडकतं. चारी बाजू सारख्या लाल आणि धारी सरळ वरून खाली गेलेल्या. असा एक हाताला लागला की नखानं वाजवा. टणक आवाज आला? द्या मामाकडे. याच लाकडाच्या बैलगाड्या नगरच्या माळरानावर दगडधोंड्यांतून चालतात, तुमच्या भोवऱ्याला ते कमी पडणार नाही.

दोरी ओढायला घ्या, पोरगं दमलंय. दोन मिनिटांत दंड भरून येतात, घाम डोळ्यांत उतरतो. डोळे पुसायला हात सोडला तर मामा ओरडेल. ठोकळ्याचं पोट गोल होत जातं, खांदा सुटतो, खाली निमुळती शेपटी तयार होते. मामा तिथं खाचांचे चार-पाच बारीक वेढे काढतो, जाळी घसरू नये म्हणून. भोवरा हातात पडतो तेव्हा तो गरम असतो. मुठीत धरून जरा उभे राहा. घडताना पाहिलेली, आपण दोरी ओढून घडवलेली वस्तू अशी हातात येण्याचं सुख पुढे फार थोड्या वेळा वाट्याला येतं.

लोहार दोन गल्ल्या सोडून. तिथं ऊन आणि भट्टी यांतलं जास्त गरम काय ते ठरवता येत नाही. भात्याचा श्वास चालू आहे, निखारे लाल-पांढरे होताहेत, ऐरणीवर बैलाचा नाल घडतोय. लोहारचाचांच्या बाजूला भंगाराचा ढीग आहे. मोडके पाटे, बोल्ट, खिळे, जाड तारा. त्यातून आरेला लायक तुकडा तुम्हीच शोधायचा. साधा खिळा मऊ निघतो, दगडावर आपटला की वाकतो. जुन्या कानशीचा तुकडा मिळाला तर उत्तम.

चाचा तुकडा तापवतात, एका टोकाला धार काढतात, दुसरं टोक चौकोनी ठेवतात. मग टोक पुन्हा लाल करून पाण्यात बुडवतात. चर्र. याला पाणी पाजणं म्हणतात, त्यानं टोक कडक होतं. आता लगेच ठोका म्हणाल तर चाचा तुमच्याकडे बघून मान हलवतील. कोरड्या लाकडात चौकोनी आर नुसती ठोकली की ते चिरतंच. ते दुसरी एक सळई लाल करून भोवऱ्याच्या शेपटीत मधोमध टेकवतात. निळा धूर निघतो, बाभूळ जळल्याचा कडू वास येतो आणि लाकडात सरळ भोक पडतं. ते गार झालं की मगच पाणी पाजलेली आर आत जाते. तापलेली आर तशीच घुसवली तर पाजलेलं पाणी उतरतं, टोक पुन्हा मऊ होतं. म्हणून भोक पाडायची सळई वेगळी आणि बसवायची आर वेगळी. हे चाचा तुम्हाला समजावून सांगत बसणार नाहीत. ते करतात, तुम्ही बघायचं.

किती बाहेर ठेवायची? इथं तुमचं मत विचारलं जातं. आर लांब ठेवली तर घाव खोल बसतो, पण भोवरा उंच होतो आणि लवकर लडबडतो. आखूड ठेवली तर तो जमिनीला धरून बराच वेळ फिरतो, पण मारताना लाकूडच लाकडावर आपटतं. मारायच्याला बोटाचं अर्धं पेर. टोक अणकुचीदार, पण सुईइतकं नाही, कारण फार बारीक टोक पहिल्याच दगडावर मुडपतं. चाचांच्या हातावर पाच पैशांतला शेवटचा ठेवा आणि घरी चला. भूक लागली आहे.

ओसरीवर आजीनं बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा वाढला आहे. नंतर गुळाचा चहा. प्रवरेकाठी लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना नुकताच सुरू झाला आहे आणि मामा त्याच्याबद्दल अभिमानानं बोलतो, पण या घरातला चहा अजून गुळाचाच आहे. बाहेर कावळाही ओरडत नाही. मोठी माणसं आडवी झाली आहेत. शाहाबादी फरशी तेवढी गार. पोटावर पडा, भोवरे समोर घ्या. आता खरं काम सुरू होतं.

आधी तो खडखडणारा शिसवीचा. आडाजवळ बादलीत पाणी आहे. त्याची आर सांडशीनं काढून ठेवा आणि भोवरा पाण्यात सोडा. तो आडवा तरंगतो. बोटानं फिरवा. थांबताना एकच बाजू खाली जाते. पुन्हा फिरवा, पुन्हा तीच. ती बाजू जड आहे. कोळशानं तिथं खूण करा आणि काचेच्या तुकड्यानं हलकं हलकं खरवडा. दोन-चार वेळा खरवडून पुन्हा पाण्यात सोडा. कुठल्याही अंगावर तो निवांत थांबायला लागला की हात आवरा. जास्त खरवडलंत तर उलटी बाजू जड होईल, आणि काढलेलं लाकूड परत चिकटत नाही.

मग आर परत बसवा. ती मधोमध आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, तुम्हाला कितीही वाटलं तरी. भोवरा फरशीवर फिरवा आणि कोळशाचं टोक त्याच्या पोटाजवळ नुसतं टेकेल न टेकेलसं धरा. सगळीकडून सारखी रेघ उमटली तर काम झालं. एकाच बाजूला डाग पडला, तर ती बाजू बाहेर फेकली जाते आहे. आरेचं टोक त्या डागाच्या बाजूला केसभर ठोका. पुन्हा फिरवा. पुन्हा डाग. पुन्हा ठोका. दुपार अशीच जाते, आणि खरं सांगतो, अशी दुपार वाया गेली म्हणणाऱ्याला भोवरा कळलेला नाही.

फिरायच्याची आर टोकदार ठेवायची नाही. पायरीच्या काळ्या दगडावर थेंबभर तेल टाकून ती घासा, गोल गोल, टोक बोथट आणि गुळगुळीत होईपर्यंत. अणकुचीदार आर मातीत रुतते, तिथंच खड्डा करते आणि भोवरा कललेला तसाच कलतो. गोल आर जमिनीवर जरा फिरून घेते, आणि त्या घासण्यातूनच भोवरा हळूहळू उभा राहतो. तो पूर्ण उभा राहिला, रंगाचे पट्टे स्थिर दिसायला लागले, आवाज बंद झाला, की पोरं म्हणतात, गुंगला. गुंगलेला भोवरा फिरतोय हे लांबून कळतच नाही.

शेवटची परीक्षा ताईकडे. मामेबहीण ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सागरगोटे खेळतेय. दिवसभर सागरगोटे झेलून तिच्या तळहाताला जे कळतं ते तुमच्या हाताला कळत नाही. भोवरा फिरवून तिच्या हातावर द्या. ती डोळे मिटते.

“टोचतोय अजून.”

परत दगडावर. परत तिच्या हातावर.

“आता गुदगुल्या होतायत.”

झालं. तिनं हो म्हटलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

राहिली जाळी. बाजारातली गुळगुळीत दोरी नको. कापसाच्या सुताचे पदर घ्या, एक टोक ताईच्या पायाच्या अंगठ्याला अडकवा, पीळ द्या, दुमडून पुन्हा पीळ द्या. भोवऱ्याकडचं टोक बारीक, हाताकडचं जाड. त्या जाड टोकाला तो जपून ठेवलेला भोकाचा पैसा ओवून गाठ मारा. करंगळी आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो पैसा अडकला की जाळी कितीही जोरात ओढली तरी हातातून सुटत नाही. सरकारनं तांबं वाचवायला पाडलेलं ते भोक पोरांच्या इतकं कामी येईल असं टांकसाळीत कुणाला वाटलं असेल?

तुम्ही इथं ओसरीवर आर घासत बसला आहात, आणि याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, 31 मे 1951 ला, स्वीडनमधल्या लुंड गावी पदार्थविज्ञानाच्या नव्या संस्थेचं उद्घाटन आहे. तिथं नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली, दोघंही नोबेल मिळालेले, भिंतीपाशी कंबरेत वाकून जमिनीवरचा एक छोटा भोवरा बघणार आहेत. फिरता फिरता आपोआप डोक्यावर उभा राहणारा भोवरा. त्याचं छायाचित्र आजही उपलब्ध आहे. आरेचं जमिनीशी घासणं भोवऱ्याला कसं उभं करतं, हाच तिथलाही प्रश्न. आणि तिकडे अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीच्या नॉर्मन सास यांनी विजेवर थरथरणाऱ्या पत्र्याचं फुटबॉलचं मैदान नुकतंच बाजारात आणलं आहे. त्यावरचे खेळाडू थरथरीनंच पुढे सरकतात. तिथली पोरं पुढे कित्येक वर्षं त्या खेळाडूंच्या बैठकीखालचे बारीक पाय केसभर वाकवत बसणार आहेत. हा सरळ पळायला, हा अडवायला, हा वळायला. तीन भोवरे समोर घेऊन बसलेल्या तुम्हाला त्यांचं मन सांगावं लागणार नाही. आणि हे पोरांपुरतंच असं कुणी म्हणालं, तर त्याला अरणगावला न्या. तिथल्या मेहेराबादेत अध्यात्मगुरू मेहेरबाबा आपल्या मंडळींबरोबर गोट्या आणि विटीदांडू खेळत, अगदी मन लावून.

साडेचार. ऊन कललं. चला.

दिल्ली दरवाज्याच्या दगडी कमानीखालून जाताना एक क्षण गार वाटतं, आणि बाहेर पडताच पुन्हा धग. लिंबाखाली मुरमाचं मैदान. आधीच गर्दी झाली आहे. तोफखान्याची आठ-दहा पोरं, तुमच्या गल्लीतली तेवढीच, घोडा सोडून आलेला एक टांगेवाला, डोक्यावर पाटी घेतलेली जांभळं विकणारी बाई, तिच्यामागे शेंबडी चिल्लीपिल्ली. घामाचा, धुळीचा, जांभळांचा वास. कुणीतरी खिळ्यानं रिंगण ओढतं. “ए, पाय काढ रं रेघेवरनं!” कुणीतरी भोवऱ्याला थुंकी लावून माती फासतं, म्हणजे जाळी धरते. तुम्हीही लावा. इथं सगळे लावतात.

फिरायचा काढा. पहिला वेढा आरेला घट्ट, तिथं ढिलाई चालत नाही. मग एकाला एक चिकटवून वर. पैसा बोटांत. सगळे हात वर गेले.

“एक… दोन…”

फेका! मनगटातून फेका, खांद्यातून नाही, आणि भोवरा सुटायच्या क्षणी जाळी मागे खेचा. पंधरा-वीस भोवरे एकदम मुरमावर उतरतात आणि जमिनीतून घूं असा आवाज उठतो. धूळ उडते. काही खडखडतात, एक उडी मारून लिंबाच्या मुळात जातो. तुमचा कुठाय? तो काय. उतरला, थोडा फिरला, उभा राहिला, गुंगला. जाळीचा फास त्याच्या आरेखाली घाला, झटका द्या. वर आला. तळहातात पडला, आणि अजून फिरतोय. गुदगुल्या. पहिल्या तिघांत तुम्ही.

तोफखान्याच्या एका पोराचा रंगीत भोवरा आडवा पडला. त्याच्याकडे टाकायचा नाही. एकच भोवरा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा, जत्रेतून आणलेला. सगळे मारायला सरसावतात. पहिला चुकतो. दुसऱ्याचा घाव ओझरता, पट्ट्यावरचा रंग खरवडला. आता तुमची पाळी. बाभळीचा काढा. खिशात मांडीला लागून तो गरम झालाय. एक पाय पुढे, नजर त्या भोवऱ्याच्या पोटावर, आणि हात डोक्यावरून सरळ खाली.

टक्.

रंगीत भोवरा उभा चिरला. दोन फाका दोन बाजूंना. तुमच्या गल्लीनं आरडाओरडा केला, टांगेवाला “वा रे गड्या” म्हणाला, जांभळंवाली हसली. तुम्हालाही ओरडायचं आहे, पण तो पोरगा खाली वाकलाय आणि तुमची नजर त्याच्यावर खिळली आहे. तो रडत नाही. त्यानं दोन्ही फाका उचलल्या, मधली आर उपसून काढली, चड्डीला पुसली आणि खिशात टाकली. आर कुणी टाकून देत नाही. ती उद्या दुसऱ्या लाकडात बसेल.

“कुठनं कातलास?” तो विचारतो.

सांगा त्याला. बोळ सांगा, गाभ्याचा माग म्हणून सांगा, अर्धा पांढरा घेऊ नको म्हणून सांगा. इथं ही माहिती कुणी लपवत नाही.

पुढच्या डावात तुमच्यावर पाळी येते. छाती घट्ट करा. चिंचेचा ठेवा. सहा घाव बसतात, सहा नव्या खोका पडतात, सातव्या घावानं तो रिंगणाबाहेर उडतो. चिरला नाही. मामाचा भोवरा आहे. अंधार पडायला लागतो, कुणाची तरी आई वेशीतून हाक मारते, पोरं भोवरे मोजून खिशात टाकतात आणि वाद घालत घराकडे निघतात. उद्या इथंच, हे कुणी बोलून ठरवत नाही.

इथवर आलात, आता आजच्या बाजारात चला. भोवरा आजही मिळतो. प्लास्टिकचा, चकचकीत, तळाशी खिळ्याचं बारीक टोक. किंमत परवडते, रंग छान असतो, आणि तो लगेच फिरतो. माझी त्याच्याबद्दलची तक्रार एवढीच की त्याचं काहीच करता येत नाही. तो खरवडता येत नाही, त्याची आर बदलता येत नाही, एका अंगाला जड निघाला तर जड, खडखडला तर खडखडला. पोराच्या हाती नुसतं फेकणं उरतं. निवडणं, कातून घेणं, पाण्यात सोडून बघणं, दगडावर घासणं, तळहाताला विचारणं, हा सगळा भाग गेला. माझ्या मते भोवऱ्याच्या खेळातला तोच भाग मोठा होता.

तो परत आणणं अवघड नाही. पोळपाट-लाटणी आणि पाळण्याचे खूर कातणारे कारागीर आपल्या तालुक्यांच्या बाजारांत अजून बसतात, बहुतेकांच्या सांगाड्याला आता विजेची मोटार आहे एवढंच. या सुट्टीत घरातल्या पोराला, पोरीला घेऊन त्यांच्याकडे जा. गाभ्याचं लाकूड मागा, रंग लावू नका म्हणून सांगा, भोक सळईनं जाळून पाडायला सांगा. आर घरी घासा. आणि पहिला भोवरा चिंचेचा करून घ्या, कारण नवशिक्याचा भोवरा रिंगणात पडणारच आहे आणि त्याला बराच मार खायचा आहे.